सर्वांत कच्चा दुवा कोणता?

अमेरिकेत मागच्या आसाचे क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, विकणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये पहिल्यांदा वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारी एक सूचना असते. एकाच मापाच्या, एकाच गुणोत्तराच्या दोन जोड्या शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. महागडी जोडी 'प्रो' म्हणून ओळखली जाते आणि ड्रॅग शर्यतीतल्या अतिशक्तिशाली गाड्यांत बसते. तिच्याखालीच लिहिलेले असते: रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी ही घेऊ नये. जो भाग एवढा प्रचंड मार खाऊ शकतो, तो दूध-भाजी आणायला जाणाऱ्या गाडीत का चालू नये?

उत्तर धातूत आहे. साध्या जोडीचे पोलाद साधारणपणे 8620 या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात निकेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. दातांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक केलेला असतो. 'प्रो' जोडी बहुधा 9310 पोलादाची, आणि त्यात निकेल सव्वातीन टक्क्यांच्या घरात असते. निकेलमुळे दाताचा गाभा चिवट होतो. उभ्या गाडीचा क्लच एकदम सोडला आणि जबर धक्का बसला, तर असा दात तडकत नाही, सोसून जातो. मात्र घासण्यापुढे तो तितका टिकत नाही. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते एकमेकांवर सरकतात. तासन्‌तास एका वेगाने हमरस्त्यावर गाडी चालली, की हे सरकणेच त्यांचा जीव घेते. सरळ पट्ट्यावरची ड्रॅग शर्यत बहुधा पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची असते. शंभर धावा केल्या तरी 40 किलोमीटर होतात. पुण्याहून लोणावळाही येणार नाही एवढ्या अंतरात त्या जोडीचा हंगाम संपतो. मग ती बाहेर काढतात, तपासतात आणि गरज पडली तर बदलतात.

'रेस' हा शिक्का 'अधिक चांगला' या अर्थाने वाचला, की इथून पुढचे सगळे निर्णय चुकतात. शर्यतीचा भाग थोड्या वेळासाठी, फार मोठ्या भारासाठी आणि सतत नजर ठेवणाऱ्या माणसासाठी बनतो. कंपनीचा मूळ भाग दोन लाख किलोमीटर चालावा म्हणून बनतो. त्याचा मालक बॉनेटसुद्धा क्वचित उघडेल, गाडी उन्हात-पावसात उभी राहील, तेल वेळेवर बदलले जाणार नाही, हे सगळे गृहीत धरून अभियंता तो आखतो. मला विचाराल तर यातले दुसरे काम जास्त अवघड आहे.

ही निवड कशी करायची हे समजून घ्यायला फोर्डच्या एका गाडीइतका चांगला धडा नाही. 1979 ते 1993 या काळातली मस्टँग 'फॉक्स' नावाच्या चौकटीवर बनत असे. 1987 पासून तिच्या 5.0 लिटर व्ही-8 इंजिनाची शक्ती 225 अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे पीळ, 300 पाउंड-फूट होता. आपल्या मापात तो सुमारे 407 न्यूटन-मीटर होतो. इंजिनामागे बोर्ग-वॉर्नरचा टी-5 हा पाच गिअरचा हलका गिअरबॉक्स आणि मागे 8.8 इंची क्राउनचा आस. गाडी स्वस्त होती, हलकी होती, सुटे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत. त्यामुळे अमेरिकेतल्या तरुणांनी ती पिढ्यान्‌पिढ्या शर्यतीच्या पट्ट्यावर पळवली, आणि मोडलीही भरपूर. कोणता भाग केव्हा आणि का तुटतो याचे ज्ञान या एका गाडीभोवती जेवढे साठले, तेवढे फार थोड्या गाड्यांभोवती साठले असेल.

आता थोडा हिशोब करू. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.35, आणि कारखान्यातून येणारे मागचे गुणोत्तर बऱ्याचदा 2.73. इंजिनाचे 407 न्यूटन-मीटर या दोहोंनी गुणले, की मागच्या चाकांपाशी सुमारे 3,700 न्यूटन-मीटर पोचायला हवेत. पण ते पोचत नाहीत. चालकासकट गाडीचे वजन दीड टनाच्या आसपास. गाडी झेपावते तेव्हा मागच्या चाकांवर त्यातले निम्म्याहून थोडे जास्त येते. रस्त्याच्या टायरची पकड आणि चाकाची त्रिज्या धरली, तर साधारण 2,150 न्यूटन-मीटरलाच टायर घसरायला लागतो. त्यापुढे इंजिनाने कितीही जोर लावला तरी धूर निघेल, पण आसाला त्याहून फारसा जास्त पीळ बसणार नाही. घरातल्या वीजजोडणीत फ्यूज जे काम करतो, तेच काम इथे टायर करतो.

म्हणून रस्त्याच्या टायरवर चालणाऱ्या गाडीत महागडे आस घालणे हा बहुतेक वेळा पैशाचा अपव्यय असतो. जो भाग टायरच्या आड सुरक्षित बसला आहे, त्याला आणखी बळकट करून काय साधणार?

मग टी-5 का मोडत असे? आणि तोही बऱ्याचदा तिसऱ्या गिअरला? वरचाच हिशोब उलटा फिरवला, की याचा उलगडा होतो. पहिल्या गिअरमध्ये टायर 2,150 ला घसरतो, तेव्हा गिअरबॉक्सच्या तोंडाशी फक्त 235 न्यूटन-मीटर असतात, म्हणजे इंजिनाच्या पूर्ण ताकदीच्याही खाली. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर सुमारे 1.3 आहे. तिथे टायर घसरायचा तर गिअरबॉक्सच्या तोंडाशी 600 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ यावा लागतो. टी-5 ची कागदावरची क्षमता 1990 नंतरही 300 पाउंड-फूट, म्हणजे इंजिनाच्या टॉर्कइतकीच. सरळ चालवताना ती पुरते. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ॲक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून क्लच आपटला, तर नुसते इंजिनच जोर लावत नाही. जोरात फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही एका झटक्यात आत शिरते. तिसऱ्यात टायर घसरून वाचवत नाही. ॲल्युमिनियमचे कवच ताणले जाते, दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून किंचित दूर सरकतात, दात मुळाशी न भिडता टोकांवर भिडतात आणि तुटतात.

या झटक्याच्या वाटेत आणखी एक फ्यूज असतो. तो म्हणजे क्लच.

क्लच किती पीळ पुढे जाऊ देईल हे चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटच्या लायनिंगचे घर्षण, घासणाऱ्या कड्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. कंपनी ही क्षमता इंजिनाच्या टॉर्कपेक्षा थोडी जास्त ठेवते. फार जास्त ठेवत नाही. झटका आला की क्लच क्षणभर घसरतो, थोडा तापतो आणि गिअरबॉक्सला वाचवतो. इंजिनाच्या दुपटी-तिपटीची क्षमता असलेला शर्यतीचा क्लच बसवला, तर हा फ्यूज काढून तिथे जाड तार टाकल्यासारखे होते. फॉक्स मस्टँगच्या किती मालकांनी मोठ्या हौसेने भारी क्लच बसवला आणि पुढच्याच शनिवारी टी-5 चे तुकडे गोळा केले, याला गणती नाही. त्यांना वाटले गिअरबॉक्स कच्चा निघाला. तो त्याच्या कागदाप्रमाणेच होता. त्याच्यापुढचा पहारेकरी तेवढा बदलला होता.

या गाडीतला दुसरा एक तपशील मला फार बोलका वाटतो. तिचा क्लच केबलवर चालतो. पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकचा एक दातेरी चाप असतो. केबल सैल झाली की तो आपोआप ताण घेतो. मूळ प्रेशर प्लेटच्या दाबाला तो वर्षानुवर्षे पुरतो. भारी प्रेशर प्लेट बसवली की पेडल जड होते, आणि एके दिवशी ते दात तुटतात. मग ॲल्युमिनियमचा चाप येतो, नवी केबल येते, आणि केबल जिथे टेकते तो इंजिन व केबिनमधला पत्राच वाकू लागतो. एक भाग बदलला की पुढचा मागतो, तो बदलला की त्याच्या पुढचा. यंत्राची साखळी अशी सरकत जाते. ती कुठे थांबवायची हे पहिला भाग विकत घेण्याआधी ठरवावे.

क्लचच्या प्लेटबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण रस्त्याच्या गाडीत सर्वांत जास्त चुकीची खरेदी इथेच होते. मूळ प्लेटचे लायनिंग सेंद्रिय तंतूंचे असते. त्याच्या दोन थरांमध्ये लहरीसारखी पातळ पोलादी पट्टी असते, ती दाबली जाताना क्लच हळूहळू पकडतो. मधल्या हबभोवती चार-सहा जाड स्प्रिंगा असतात. इंजिन एकसारखे फिरत नाही, प्रत्येक स्फोटाबरोबर झटके देत फिरते. ते झटके या स्प्रिंगा गिळतात. शर्यतीच्या प्लेटवर सिंटर्ड धातूचे किंवा सिरॅमिकचे तीन ते सहा ठोकळे असतात. बऱ्याच प्लेट्समध्ये ना लहरी पट्टी असते ना स्प्रिंगा. लालबुंद तापली तरी ती घसरत नाही, हा तिचा खरा गुण. पण ती पकडते ती एकदम. हाफ क्लच नावाची गोष्ट तिच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आणि आपले ड्रायव्हिंग निम्मे हाफ क्लचवर चालते. सायन-पनवेल रस्त्यावर संध्याकाळी सातला, किंवा बोरघाटात ट्रकच्या मागे चढावर गाडी हात-हातभर सरकवायची असते, तेव्हा असा क्लच एक तर गाडीला हिसका देतो किंवा इंजिन बंद पाडतो. ठोकळे फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खरवडतात, तो तापून निळा पडतो, तडे जातात. डावा गुडघा दुखतो तो वेगळाच. रोज चालवायच्या गाडीची शक्ती थोडी वाढवली असेल, तर सेंद्रिय लायनिंगच ठेवून थोड्या जास्त दाबाची प्रेशर प्लेट घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. गिअरबॉक्सपुढचा पहारेकरीही मग शाबूत राहतो.

फ्लायव्हील हलके करण्याचा मोहही असाच. समजा, फ्लायव्हीलच्या केंद्रापासून 10 सेंटिमीटर अंतरावरचे 3 किलो वजन कमी केले. पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर 14 धरले, तर वेग घेताना गाडीचे वजन सुमारे 65 किलोने कमी झाल्यासारखे वाटेल. पाचव्या गिअरमध्ये तीच बचत जेमतेम 3 किलोची ठरते. म्हणजे फायदा आहे, पण तो मुख्यतः खालच्या गिअरमध्ये. आणि तिथेच, गाडी जागेवरून उठवताना, जड फ्लायव्हीलची खरी गरज असते. शर्यतीत गाडी दिवसातून मोजक्याच वेळा जागेवरून उठते. शहरात ती सिग्नलगणिक उठते.

पण फ्लायव्हीलच्याच बाबतीत दुसरीही बाजू आहे, आणि तिथे मी कंपनीच्या भागाची बाजू घेणार नाही. फिरत्या चक्रातला ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 6,000 आरपीएमची मर्यादा 8,000 वर नेली, तर ताण जवळजवळ पावणेदोन पट होतो. मूळ फ्लायव्हील बहुधा बिडाचे असते, आणि बीड वाकत नाही, फुटते. फुटले की त्याचे तुकडे गिअरबॉक्सचे कवच, केबिनचा पत्रा आणि त्यामागचे पाय यांतला फरक ओळखत नाहीत.

असे काही फुटले की काय होते याचे एक उदाहरण. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला ड्रॅग चालक धाव सुरू करत होता. सुटताक्षणीच त्याच्या गाडीतला ट्रान्समिशन फुटला. गाडीचे मधोमध दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्या गाड्यांत इंजिन पुढे असे आणि चालक त्यामागे, क्लच-ट्रान्समिशन जणू मांड्यांमध्ये घेऊन बसे. गार्लिट्सने इस्पितळात पडल्या पडल्याच इंजिन चालकाच्या मागे ठेवणारी गाडी डोक्यात आखायला घेतली. 1971 मध्ये ती पट्ट्यावर उतरली आणि जिंकू लागली. थोड्याच वर्षांत त्या वर्गातल्या जवळपास सगळ्याच गाड्या तशा झाल्या.

अशा अपघातांमधूनच नियम बनले. अमेरिकेत एसएफआय ही संस्था फ्लायव्हील-क्लचसाठी आणि त्यांच्याभोवतीच्या संरक्षक कवचासाठी मानके ठरवते. ड्रॅग शर्यती भरवणाऱ्या एनएचआरएच्या नियमानुसार पाव मैल 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला त्या मानकांत बसणारे भाग लावावेच लागतात. 10.99 सेकंदांपासून मागचे आसही कारखान्याचे चालत नाहीत. फॉक्स मस्टँगमध्ये याचे कारण चटकन समजते. तिचा आस आत डिफरेन्शियलमध्ये इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या एका छोट्या क्लिपने अडकवलेला असतो. आस तुटला की चाकासकट बाहेर निघून येतो. तेव्हा एका प्रश्नाला दुसऱ्या सगळ्यांच्या आधी स्थान द्यावे: हा भाग तुटला तर काय होईल? गाडी नुसती उभी राहणार असेल, तर काटकसर करायला हरकत नाही. माणसाला इजा होणार असेल, तर शर्यतीचा शिक्का शोधून, त्याची तारीख पाहून भाग घ्यावा.

टायर बदलला की वरचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. मस्टँगला मऊ रबराचे ड्रॅग स्लिक लावले, की तेच 2,150 न्यूटन-मीटर 3,800 च्या आसपास जातात. पहिल्या गिअरमधली इंजिनाची पूर्ण ताकद आता आसापर्यंत पोचते, आणि क्लच सोडतानाचा झटका त्यावर वेगळा. इथे बळकट आस घेणे रास्त ठरते. मूळ आसाच्या टोकाला 28 स्प्लाइन, म्हणजे उभ्या खाचा, आणि व्यास सुमारे 30 मिलिमीटर. बदली आस 31 स्प्लाइनचे, सुमारे 33 मिलिमीटरचे. फरक 3 मिलिमीटरचा दिसतो, पण पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. दहा टक्के जाडी वाढली की ताकद एक-तृतीयांशाने वाढते, तीही तेच पोलाद वापरून. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शाफ्ट बनवणाऱ्या कुणालाही हे सूत्र नवे नाही. त्याहून पुढे जायचे तर 300एमसारखे अतिबळकट पोलाद आहे. मात्र अशा पोलादाला ओरखडा आणि गंज मुळीच सोसत नाही. बारीक खरचट्यापासून तडा सुरू होतो. पावसाळ्यात खडी उडणाऱ्या रस्त्यावर ते वापरण्यापेक्षा जरा जाड पण साधे पोलाद बरे.

गिअरबॉक्सच्या आत शर्यतीचे दात सरळ असतात, रस्त्याच्या गाडीचे तिरके. तिरके दात एकमेकांत हळूच शिरतात, म्हणून शांत चालतात. बदल्यात शाफ्टला लांबीच्या दिशेने रेटतात. सरळ दात तो रेटा देत नाहीत, पण किंचाळतात. बऱ्याच गाड्यांमध्ये रिव्हर्सचा गिअर सरळ दातांचा असतो. गाडी मागे घेताना जो बारीक चढता सूर ऐकू येतो, तो सगळ्याच गिअरमध्ये, तासभर, कानाशी ऐकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. सिंक्रोमेशऐवजी, म्हणजे गिअर जुळण्याआधी वेग सारखे करणाऱ्या रचनेऐवजी, डॉग, म्हणजे थेट अडकणारे ठोकळे, असलेल्या गिअरबॉक्सबद्दल एवढेच सांगतो: तो जोरात आणि झटकन गिअर टाकणाऱ्यासाठी बनला आहे. रहदारीत हळुवारपणे गिअर टाकला की डॉगचे कोपरे एकमेकांवर घासून गोल होतात आणि गिअर निसटू लागतो. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, तो सामान्य चालकाची या कटकटीतून सुटका व्हावी म्हणूनच.

डिफरेन्शियल हा मात्र असा भाग आहे, जिथे थोडा खर्च रस्त्यावरही आनंद देऊन जातो. व्हर्नन ग्लीजमनने शोधलेला टॉर्सन डिफरेन्शियल केवळ गिअरच्या घर्षणावर चालतो. त्यात झिजणाऱ्या प्लेट नसतात, आवाज नसतो, आणि ओल्या वळणावर तो पकड असलेल्या चाकाकडे ताकद वळवतो. याउलट दोन्ही चाके कायमची एकत्र बांधणारा 'स्पूल', किंवा डिफरेन्शियल वेल्ड करण्याचा जुगाड, सरळ पट्ट्यापुरताच ठीक. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळे अंतर कापायचे असते. ते जमले नाही की टायर फरफटतो, आसाला नाहक पीळ बसतो, आणि आंबोलीच्या घाटात जुलैमध्ये मागची बाजू केव्हा निसटेल याचा नेम राहत नाही.

आपल्याकडे व्ही-8 मस्टँग थोड्या. आपल्याकडचा खरा प्रश्न छोट्या टर्बो गाड्यांचा आहे. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या. इंजिनाचा टॉर्क 175 न्यूटन-मीटर, आणि तिच्या सात गिअरच्या डीक्यू200 ड्युअल-क्लच गिअरबॉक्सची मर्यादा 250. मधली ही जागा पाहून सॉफ्टवेअर बदलून टॉर्क वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. पण टर्बो इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपासच आपला पूर्ण जोर लावू लागते, अगदी चौथ्या-पाचव्या गिअरमध्येही, जिथे टायर कधीच घसरणार नाही. म्हणजे टायरचा फ्यूज तिथे कामाला येत नाही. सगळा भार या गिअरबॉक्सच्या कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचवर. कंपनीने ठेवलेली ती जागा उष्णतेसाठी, रहदारीसाठी, दहाव्या वर्षी झिजलेल्या प्लेटसाठी राखून ठेवलेली असते. तिच्यातला थोडा वाटा वापरावा, सगळा वापरू नये.

बदल कागदावरही आणावे लागतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना आळा घालते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केले. क्लच प्लेट बदलल्याने नोंदणीपुस्तकातले काही बदलत नाही, पण इंजिन बदलले तर बदलते. विमा कंपनीला न सांगता वाढवलेली शक्ती दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकते.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. आधी टायर ठरवावा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर बसतात. मग इंजिनाचा टॉर्क आणि गिअरबॉक्सची मर्यादा शेजारी-शेजारी लिहावी. क्लच त्या दोहोंच्या मध्ये बसेल असाच निवडावा, गिअरबॉक्सपेक्षा दांडगा कधीही नको. फिरणारे आणि फुटणारे भाग सुरक्षेच्या कसोटीवर वेगळे काढावेत आणि त्यांच्यावर पैसे वाचवू नयेत. रविवारी शर्यत आणि सोमवारी ऑफिस अशी दुहेरी गाडी असेल, तर स्लिक टायरची जोडी डिकीत टाकून न्यावी, पट्ट्यावर लावावी आणि परत येताना रस्त्याचे टायर चढवावेत. आस तेवढे बळकट घ्यावेत, क्राउन-पिनियन 8620 चेच ठेवावेत, आणि दर हंगामानंतर डिफरेन्शियलचे तेल काढून प्लगच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते पाहावे. बारीक राखाडी चिखल असेल तर तो नेहमीच्या झिजेचा. बोटाला टोचणारा कण सापडला, तर पुढच्या शर्यतीचे नाव नोंदवण्याआधी कव्हर उघडावे.